भूसंवर्धन संस्थेत हिवाळी इंटर्नशिप: पाणलोट कामांच्या गावात वीस दिवस कसे वापरावेत

महाविद्यालयाची डिसेंबर-जानेवारीची सुट्टी एखाद्या स्थानिक भूसंवर्धन संस्थेत घालवण्याचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे पान आहे. कृषी, भूगोल, समाजकार्य किंवा स्थापत्य शाखेचे विद्यार्थी यात जास्त असतात, पण कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही हे काम जमते. गावात चालता आले पाहिजे आणि वही नीट लिहिता आली पाहिजे.

हिवाळाच का?

मृद्संधारणाच्या कामाला वर्षाचे वेळापत्रक असते. पाऊस संपला, खरीप निघाला की जमीन उघडी पडते आणि पावसाने काय केले ते दिसू लागते. कोणता बांध फुटला, कोणत्या चरात गाळ बसला, कोणता सांडवा कडेने खचला हे जुलैत चिखलामुळे पाहता येत नाही आणि मे महिन्यात पाहून उपयोग नसतो, कारण तोपर्यंत दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते. मातीकाम साधारण जानेवारी ते मे या काळात होते. म्हणजे पाहणी डिसेंबरात झाली तर तिचा उपयोग त्याच वर्षी होतो.

हे वेळापत्रक देशभर सारखे नाही. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरपर्यंत चालतो, तिथे पाहणी जानेवारीच्या शेवटाकडे ढकलावी लागते. हिमाचल आणि उत्तराखंडच्या उंच भागात हिवाळ्यात क्षेत्रकाम जवळजवळ थांबते. तिथल्या संस्था या दिवसांत नकाशे आणि कागदपत्रांचे काम देतात. अर्ज करण्यापूर्वी हे विचारून घ्या.

ही कामे कोणत्या योजनेतून होतात?

देशातील बहुतेक पाणलोट कामे केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्या भूसंसाधन विभागाकडून चालणाऱ्या प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेच्या पाणलोट विकास घटकातून होतात. २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीसाठी मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्याचे उद्दिष्ट ४९.५ लाख हेक्टर होते. खर्चाचा दर सपाट भागासाठी हेक्टरी २२,००० रुपये आणि दुर्गम भागासाठी २८,००० रुपये असा ठेवण्यात आला. खर्चाची वाटणी केंद्र ६० व राज्य ४० टक्के, तर ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी ९० व १० टक्के अशी आहे. गावपातळीवर पाणलोट समिती असते. स्वयंसेवी संस्था अनेकदा प्रकल्प अंमलबजावणी यंत्रणा म्हणून काम करते. नाबार्डच्या निधीतून किंवा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून होणारी कामेही असतात. आपण ज्या गावात जाणार तिथले काम कोणत्या पैशातून झाले, हे पहिल्याच दिवशी विचारा. पुढे दुरुस्ती कोणी करायची याचे उत्तर त्यावर अवलंबून असते.

इंटर्न म्हणजे शिकाऊ उमेदवार नव्हे

मराठीत या दोन शब्दांची सरमिसळ होते आणि त्यातून गैरसमज होतात. ‘शिकाऊ उमेदवार’ हा शब्द शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खालील व्यक्तीसाठी आहे. त्याला किमान विद्यावेतन मिळण्याची तरतूद आहे. स्वयंसेवी संस्थेतील वीस दिवसांच्या इंटर्नला तो कायदा लागू होत नाही, म्हणून मानधन मागण्याचा कायदेशीर आधार नसतो. अनेक लहान संस्था राहण्याची सोय आणि फार तर प्रवासखर्च देतात. काय मिळणार ते पत्रात लिहून घ्या. २०२४ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना याहून वेगळी आहे. ती मोठ्या कंपन्यांमधील १२ महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी आहे.

श्रेयांकांचेही असेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्यानुसार इंटर्नशिपचा १ श्रेयांक म्हणजे ३० तासांचे काम. ४ श्रेयांकांना १२० तास लागतात. रोज ६ तास धरले तर बरोबर २० दिवस. मात्र आराखड्यात शब्द ‘उन्हाळी इंटर्नशिप’ असा आहे. हिवाळी सुट्टीतले तास धरणार की नाही, हे निघण्यापूर्वी महाविद्यालयाकडून लेखी घ्या. श्रेयांक तुमच्या खात्यात जमा करण्याचे काम शिक्षणसंस्थेचे आहे. एखादी स्वयंसेवी संस्था ‘आम्ही श्रेयांक देतो’ म्हणत असेल तर तिला तो अधिकार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे तास आणि तिचे सात दिवसांचे शिबिर हाही वेगळा हिशेब आहे. तेच तास दोन्हीकडे दाखवू नका.

संस्था निवडताना

नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ संकेतस्थळावर संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि पदाधिकारी पाहता येतात. ही नोंद म्हणजे कामाच्या दर्जाचे प्रमाणपत्र नाही, एवढे लक्षात ठेवा. दर्जा कळण्यासाठी संस्थेला एक प्रश्न विचारावा: ‘तीन वर्षांपूर्वी पूर्ण झालेले एखादे काम मला पाहायला मिळेल का?’ चालू कामे सगळेच दाखवतात. जुने काम दाखवायला आणि त्यात काय बिघडले ते तुम्हाला लिहू द्यायला जी संस्था तयार असते, तिथे वीस दिवसांत बरेच शिकायला मिळते. उलट पहिल्याच बोलण्यात समाजमाध्यमांसाठी छायाचित्रे आणि चित्रफिती यांचीच यादी समोर आली, तर ते कामही कुणीतरी करायचे असतेच, पण त्याला भूसंवर्धनाची इंटर्नशिप म्हणू नये.

वीस दिवसांत करण्याजोगे काम

वीस दिवसांत जमीन सुधारत नाही. एका सूक्ष्म पाणलोटात, म्हणजे साधारण ५०० हेक्टरांत, आधी झालेल्या प्रत्येक कामाची आजची स्थिती मात्र लिहून होते. ही नोंदवही पुष्कळ गावांत नसते. काम पूर्ण झाल्याचे छायाचित्र असते, त्यावर अक्षांश-रेखांश असतात. इस्रोच्या ‘भुवन’ व्यवस्थेवर आधारित ‘दृष्टी’ या मोबाइल ॲपद्वारे पाणलोट कामांची अशी छायाचित्रे चढवली जातात. पण त्यानंतर दोन पावसाळे गेले की त्याच जागी काय उरले, हे पाहायला फार कमी जण परत जातात.

पाहणी माथ्यापासून पायथ्याकडे करा. वरचा बांध फुटला की त्याचे पाणी खालच्या बांधावर येते, त्यामुळे खाली दिसणाऱ्या नुकसानीचे मूळ बऱ्याचदा वर सापडते. फुटलेल्या बांधाची नोंद ‘बांध फुटला’ एवढ्यावर सोडू नका. भगदाड किती मीटर आहे? सांडवा होता का, की तो बुजला होता? बांध जुन्या ओघळीवरून गेला आहे का? उंदरांची किंवा खेकड्यांची बिळे दिसतात का? आणि भगदाडाच्या खाली कोणाचे शेत आहे? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हमखास लिहा. पुढच्या पावसात माती वाहून जाणार असते ती त्या शेतातली.

सलग समतल चरांचे मोजमाप सोपे आहे. चर ६० सेंटीमीटर रुंद आणि ४५ सेंटीमीटर खोल खणला होता, आणि आज काठापासून ३० सेंटीमीटरच खोल भरतो, असे समजा. म्हणजे १५ सेंटीमीटर गाळ बसला. दर १० मीटर लांबीला ०.९ घनमीटर माती डोंगरावरच थांबली. मूळ खोली अंदाजपत्रकात मिळते, पण ती प्रत्यक्षात तेवढी खणली होती का, हे गावातल्या ज्यांनी खणले त्यांना विचारा. रोजगार हमीच्या मातीकामात मजुरी मोजमापावर ठरते, त्यामुळे ती मापे मजुरांना चांगली आठवतात. याच कारणाने एक सावधगिरी: चालू कामाच्या मोजमाप पुस्तकात इंटर्नने काहीही लिहू नये, सही तर मुळीच करू नये. तिथला आकडा चुकला तर कुणाची तरी मजुरी कापली जाते.

विहिरींची पातळीही घ्यावी. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, त्यात जानेवारी एक आहे. टेपला वजन बांधून काठावरून पाण्यापर्यंतचे अंतर घ्या आणि त्यातून कठड्याची जमिनीवरची उंची वजा करा. पंप शेवटचा कधी चालला ते विचारल्याशिवाय आकडा लिहू नका. शेतीची वीज बऱ्याच भागांत रात्रीची असते. पहाटे पंप बंद झाला आणि तुम्ही आठ वाजता पोहोचलात तर विहीर खरी आहे त्याहून खोल दिसेल. कठड्यावर रंगाने खूण करा, म्हणजे पुढच्या वर्षी येणारा त्याच जागेवरून मोजेल.

खासगी आणि सामाईक जमीन वेगळी लिहा

यादीत हे दोन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. पाणलोट विकासाच्या २००८ च्या सामाईक मार्गदर्शक सूचनांनुसार गावाच्या पाणलोट विकास निधीतून प्रकल्पानंतर सामाईक जमिनीवरील कामांचीच दुरुस्ती करता येते. खासगी शेतातील बांधाची दुरुस्ती त्यातून होत नाही. दोन्ही एकत्र लिहिली तर समितीला यादी वापरता येत नाही.

जमिनीच्या नोंदीला प्रत्येक राज्यात वेगळे नाव आहे. महाराष्ट्रात सातबारा, गोव्यात नमुना १ व १४, राजस्थानात जमाबंदी, उत्तर प्रदेशात खतौनी, झारखंडमध्ये खतियान, कर्नाटकात पहाणी. सामाईक कुरणालाही कुठे गायरान, कुठे गौचर, कुठे गोमाळ म्हणतात. राजस्थानातल्या ओरणात देवाच्या नावाने राखलेली झाडे असतात.

सामाईक जमिनीवर कोणी पीक घेताना दिसले तर ‘अतिक्रमण’ हा शब्द लिहिण्याची घाई करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंह निकालात गावांच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा ताबे हटवण्यासाठी राज्यांना योजना करायला सांगितले, हे खरे. पण मराठवाड्यासारख्या भागात अनेक भूमिहीन दलित कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसत आली आहेत आणि त्यामागे दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ व १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांपर्यंत जाणारा इतिहास आहे. वनजमिनीवर २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावा प्रलंबित असू शकतो. कोण काय वापरते ते लिहा. ते कायदेशीर आहे की नाही, हे ठरवण्याचे काम इंटर्नचे नाही, आणि वहीतला एक शब्द एखाद्या कुटुंबाविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जाऊ शकतो.

सुरक्षितता

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाख रुपयांचे अपघाती विमा संरक्षण मिळते. वय १८ ते ७० आणि बँक खाते एवढेच लागते. संरक्षण ३१ मेपर्यंत असते. निघण्यापूर्वी ते चालू आहे का पाहा. कार्यस्थळी लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ स्वयंसेवी संस्थांना लागू आहे आणि बिनमानधन काम करणाऱ्या प्रशिक्षणार्थी महिलाही त्यात येतात. संस्थेत दहापेक्षा कमी लोक असतील तर अंतर्गत समिती नसते, तेव्हा तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची आहे.

वही कोणाकडे राहील?

मूळ वही गावात ठेवा, प्रत तुमच्याकडे. बहुतेक इंटर्न उलटे करतात. वही महाविद्यालयात जमा होते आणि गावाला शेवटच्या दिवशीचे सामूहिक छायाचित्र मिळते. शक्य असेल तर वेळापत्रक असे आखा की काम जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात संपेल. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत २६ जानेवारीला ग्रामसभा होते. फुटलेल्या बांधांची यादी तिथे वाचून दाखवता येईल का, हे सरपंच आणि पाणलोट समितीच्या सचिवांना आठवडाभर आधी विचारा. वाचताना सामाईक जमिनीवरची कामे आधी घ्या, त्यांच्या दुरुस्तीचा ठराव त्याच बैठकीत होऊ शकतो.