मेणाच्या ठोकळ्यातलं निदान

लहान मुलांच्या मेंदूत मागच्या बाजूला वाढणाऱ्या एका गाठीला १९२५ साली अमेरिकेत हार्वी कुशिंग आणि पर्सिव्हल बेली यांनी ‘मेड्युलोब्लास्टोमा’ हे नाव दिलं. नुसती कापून ही गाठ संपत नाही. मेंदू आणि मणक्याभोवती जे पाणी खेळतं, त्यातून तिच्या पेशी पाठीच्या कण्यापर्यंत उतरतात. म्हणून ऑपरेशननंतर संपूर्ण मेंदूला आणि कण्याला रेडिएशन देतात. त्याने मुलं वाचू लागली, पण वाढत्या वयात त्याची किंमत मोठी असते. शिकणं मंदावतं, उंची खुंटते.

या गाठीच्या संशोधनाचा एक धागा मुंबईत आहे आणि तो बराच जुना आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. तिथले पॅथॉलॉजिस्ट वसंत खानोलकर यांनी १९५२ साली परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं केलं. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमल रणदिवे त्यांच्या विद्यार्थिनी. जॉन्स हॉपकिन्समधल्या ज्या प्रयोगशाळेत ‘हेला’ पेशी वाढवल्या गेल्या, तिथे काम करून त्या परतल्या आणि देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब त्यांनी सुरू केली. गाठीच्या पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवता आल्या, तरच त्या कशावर वाढतात हे तपासता येतं.

हीच संस्था पुढे खारघरला ‘अ‍ॅक्ट्रेक’ झाली. तिथे नीलम शिरसाट यांच्या गटाने मेड्युलोब्लास्टोमा हाती घेतला. तोवर जगभरच्या संशोधकांनी त्याचे चार प्रकार मानले होते: डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४. (एसएचएच म्हणजे सॉनिक हेजहॉग. होय, व्हिडिओ गेममधलाच!) दिसायला गाठ एकच, पण आतला कोड वेगळा.

आमच्या लोणी भापकरातल्या भावकीत एका मुलाला सकाळी उठल्या उठल्या उलट्या व्हायच्या, चालताना झोक जायचा. सगळे पित्त म्हणत राहिले. पुण्यात ऑपरेशन झालं आणि त्याचे वडील पिशवीत मेणाचा छोटा ठोकळा घेऊन मुंबईला गेले. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवतात, तो हा ‘ब्लॉक’. यात आरएनएचे तुकडे पडतात. मायक्रोआरएनए मात्र मुळातच आखूड असल्यामुळे टिकून राहतात. शिरसाट यांच्या गटाने २०१३ साली प्रसिद्ध केलेली पीसीआर चाचणी याच गोष्टीवर उभी आहे. अशा ठोकळ्यातूनच ती गाठीचा प्रकार सांगते.

२०१९ साली याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. गट ३ आणि ४ मधल्या ज्या गाठींत ‘एमआयआर-२०४’ हा मायक्रोआरएनए कमी असतो, त्या जास्त आक्रमक असतात. प्रयोगशाळेत पेशींना तो परत दिला, तेव्हा त्यांची आजूबाजूला घुसण्याची ताकद घटली.

पण प्रकार कळला म्हणजे उपचार सोपा झाला, असं नाही. डब्ल्यूएनटी प्रकारातली मुलं सर्वात चांगली बरी होतात. म्हणून टाटाच्या डॉक्टरांनी मोजक्या मुलांच्या अभ्यासात कण्याचं रेडिएशन वगळून पाहिलं. काहींच्या कण्यात गाठ परतली आणि अभ्यास थांबवला गेला. किती कमी रेडिएशन पुरेल, हा प्रश्न अजून खुला आहे.

तोवर गावाकडच्या कुणाच्याही घरी ही वेळ आली, तर एवढं जरूर सांगा: रिपोर्टसोबत ब्लॉकही मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढची चाचणी त्याच्यावरच होणार असते.