भाकरीचा डबा आणि फॅरेडेचा पिंजरा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका बहिणीने मोबाईलवरच्या एका अ‍ॅपमधून कर्ज घेतलं. आम्हाला विचारलं नाही, अन् विचारलं असतं तर आम्ही नकोच म्हणालो असतो. हप्ता चुकला, तसे एका रात्री वसुलीवाल्यांचे घाणेरडे मेसेज आले, सोबत तिचा चेहरा जोडलेला खोटा फोटो. तिने रात्रभर मोबाईल उशाखाली ठेवला. सकाळी आम्ही तिच्यासोबत पोलिसांत जायला निघालो अन् मोबाईल उघडला, तर सगळं पुसलेलं. पाठवणाऱ्यानेच पाठवलेलं परत काढून घेतलं होतं. दाखवायला हातात काहीच उरलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नृसिंहाच्या यात्रेत एक पिशवीवाला भेटला. काळी, आतून चंदेरी पिशवी. मोबाईल आत टाकला की रेंज बंद. वर तो असंही म्हणाला, की ही पिशवी असली की खात्यातले पैसे कोणी काढू शकत नाही. आमच्यातल्या चौघी-पाच जणी गटाच्या पैशातून पिशव्या घ्यायला निघाल्याच होत्या. आम्ही म्हटलं, थांबा, आधी बघू.

बैठकीत प्रयोग केला. स्टीलच्या भाकरीच्या डब्यात मोबाईल ठेवला, झाकण लावलं, दुसऱ्या मोबाईलवरून फोन केला. डबा वाजायला लागला! सगळ्या हसल्या. मग पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद आणला, तीन-चार पदर घट्ट गुंडाळले, कडा दुमडल्या. आता फोन लागेना. म्हणजे पिशवीवाल्याचं अर्धं बोलणं खरं होतं. पण जाड डबा हरला अन् पातळ कागद जिंकला, हे कसं? त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही जवळजवळ दोनशे वर्षं मागं गेलो.

मायकेल फॅरेडे हा लंडनजवळच्या एका लोहाराचा मुलगा, जन्म १७९१. शाळा जेमतेम. पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तकं वाचून तो शिकला. १८३६ साली त्याने बारा फूट लांब-रुंद-उंच असा लाकडी सांगाडा उभा केला, त्याला तांब्याच्या तारा अन् धातूचा पातळ पत्रा लावला, अन् यंत्राने त्याच्यावर वीज चढवली. बाहेरून ठिणग्या उडत होत्या अन् हा गडी आत जाऊन बसला. सोबत विजेचा सुगावा लागणारी नाजूक उपकरणं होती. आत काहीच कळेना. वीज धातूच्या बाहेरच्या अंगावरच राहिली. त्यालाच आज फॅरेडेचा पिंजरा म्हणतात. आपल्याकडे मृगाच्या आधी विजा पडतात तेव्हा झाडाखाली थांबू नका, पत्र्याच्या टपाच्या बंद गाडीत बसा, असं सांगतात, त्याचं कारण हेच.

विजेच्या लहरी हवेतून जातात, हे त्यानंतर कळलं. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. भिंत लहरींना अडवत नाही, धातू अडवतो. लहर धातूवर आली की त्यातली वीज हलते अन् आत शिरणाऱ्या लहरीला तिथंच मोडते. पुढं रेडिओ आला. आमच्या गटातल्या म्हाताऱ्या बाया सांगतात, पूर्वी रेडिओ ठेवायलासुद्धा पोस्टातून परवाना काढावा लागायचा.

या विद्येचं सगळ्यात मोठं काम आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद गावी मोठाल्या तव्यांसारख्या तीस दुर्बिणी उभ्या आहेत, प्रत्येक तवा ४५ मीटर रुंद. काही तवे खोडदला एकत्र, बाकीचे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी हे उभं केलं. ते २०२० साली वारले. या दुर्बिणी डोळ्याने बघायच्या नाहीत, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकायच्या आहेत. त्या लहरी इतक्या क्षीण, की शेजारचा एक मोबाईलही त्यांच्यापुढे लग्नातल्या बँडसारखा. म्हणून डोंगरांचा आडोसा असलेली जागा निवडली, अन् बघायला आलेल्यांना मोबाईल बंद ठेवायला सांगतात.

आम्हाला सगळ्यात आवडलं ते त्या तव्यांचं अंग. ते भरीव नाहीत, बारीक तारेच्या जाळीचे आहेत. भोकं एक ते दोन सेंटिमीटरची, अन् पकडायच्या लहरी वीतभर ते दोन मीटर लांब. लहरीच्या मानाने भोक फार लहान असलं, की तिच्या दृष्टीने जाळी म्हणजे पत्राच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून तवा हलका अन् स्वस्त झाला. ज्वारी चाळणीवर राहते अन् माती खाली पडते, तसंच.

आता डबा का हरला? झाकणाच्या कडेला जी फट असते ती अरुंद असली तरी लांब असते, डब्याभोवती गोल फिरते. मोबाईलच्या लहरी साधारण वीतभराच्या, त्या तशा लांब फटीतून घुसतात. चंदेरी कागदाच्या कडा दुमडल्या होत्या, फट उरली नव्हती. पिशवीचंही तसंच. तोंड दोनदा दुमडून बंद केलं नाही तर ती नुसती पिशवीच.

अशा पिशव्या खऱ्या कामाच्या आहेत त्या तपासात. हरवलेला मोबाईल आपण जसा लांबून पुसू शकतो, तसा जप्त केलेला मोबाईलही कोणी लांबून पुसू शकतं. म्हणून तो रेंज अडवणाऱ्या पिशवीत ठेवायची पद्धत आहे. आपण कुठं आहोत हे घरातला कोणी मोबाईलवरून बघत असेल, तर पिशवीत असेपर्यंत त्यालाही ते कळत नाही. पण पैसे? ओटीपी आपणच तोंडाने सांगितला तर कुठली पिशवी काय करणार! उलट आतला मोबाईल टॉवर शोधत राहतो अन् बॅटरी संपते. माहेरून कुणी आजारी असल्याचा फोन आला तर तोही लागत नाही.

आमच्या त्या बहिणीला त्या रात्री पिशवी लागलीच नसती. विमानाचं चिन्ह दाबून रेंज बंद केली असती, वायफाय असेल तर तेही, तर मोबाईल पुन्हा जोडेपर्यंत पाठवणाऱ्याला ते मेसेज पुसता आले नसते. तेवढ्या वेळात दुसऱ्या मोबाईलने पडद्याचे फोटो काढता आले असते, नंबर अन् वेळ दिसेल असे. अन् पैसे गेले असते तर लगेच १९३० वर फोन करायचा.

पिशव्या आम्ही घेतल्या नाहीत. आता दर बैठकीत हप्ते गोळा व्हायच्या आधी एक जण उठते अन् बाकीच्यांना विमानाचं चिन्ह कुठं असतं ते दाखवते. मागच्या वेळी ती बहीणच उठली होती.