बारी, बार आणि व्यासपीठ

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळ येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, त्यावरून मोठे वादळ उठले आणि अखेर तो मान आपल्याच जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या विधवेला, वैशाली येडे यांना मिळाला. त्यानंतर सहाव्या दिवशी, १७ जानेवारीला, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील डान्स बारविषयी निकाल दिला. दोन्ही बातम्यांचा परस्परांशी संबंध काहीच नव्हता. तरीही त्या लागोपाठ वाचताना आम्हांला वाटले की, दोन्हींत स्त्री लोकांसमोर उभी आहे. एकीला पाहून आपण टाळ्या वाजवल्या आणि दुसरीचे नाव काढताच मान खाली घातली.

बारबालांचा प्रश्न राज्यात पेटला तो २००५ साली. तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली. मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन ऑगस्टमध्ये बार बंद झाले. तरुण पिढी बिघडते, संसार उद्ध्वस्त होतात, हे कारण सांगण्यात आले आणि ते सर्वस्वी खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. त्या वेळी आम्हीही रविवारच्या प्रवचनात बंदीचे स्वागत केले होते. मिस्सा संपल्यावर धर्मग्रामातील एक वृद्ध बाई जवळ येऊन म्हणाल्या, “फादर, बंद झालं ते बरंच झालं. पण त्या पोरी आता खातीन काय?” आम्ही काहीतरी बोलून वेळ निभावून नेली. त्या आजी आज हयात नाहीत.

कायद्यातच एक मोठे छिद्र होते. तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना बंदी लागू नव्हती. म्हणजे श्रीमंतांसमोर केलेले नृत्य कला ठरले आणि इतरांसमोर केलेले अनाचार! मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेर्दिनो रिबेलो व रोशन दळवी यांनी १२ एप्रिल २००६ रोजी ही बंदी घटनाबाह्य ठरवली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. राज्याने २०१४ व २०१६ मध्ये पुन्हा कायदे केले. २०१९ च्या निकालाने नोटा उधळण्यावरील बंदी कायम ठेवली. परंतु धर्मस्थळे व शाळा यांपासून एक किलोमीटरचे अंतर, बारमध्ये कॅमेरे, यांसारख्या अटी रद्द केल्या. लेखी करार करून नर्तिकेचा मोबदला तिच्या बँक खात्यात जमा करावा ही तरतूद मात्र राखली. आमच्या मते निकालातील सर्वांत उपयोगी ओळ हीच.

या वादात स्त्रीमुक्तीच्या चळवळीत सरळ दुफळी पडली. मानवी व्यापाराविरुद्ध झटणाऱ्या काही संस्था बंदीच्या बाजूने होत्या. ज्येष्ठ वकील फ्लेविया अग्नेस यांची ‘मजलिस’ ही संस्था बारबालांच्या बाजूने न्यायालयात उभी राहिली. फ्लेविया मंगळूरच्या कॅथलिक कुटुंबातल्या, हे आपल्या वाचकांपैकी किती जणांना ठाऊक असेल? एक पक्ष म्हणे, हे शोषण आहे. दुसरा म्हणे, हे श्रम आहेत आणि ही तिची निवड आहे. एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने व एका स्त्री संघटनेने पन्नास बारमधील पाचशे स्त्रियांची पाहणी केली. त्यातून दिसले ते एवढेच की, घरचा मुख्य आधार बहुतांशी याच मुली होत्या.

‘निवड’ हा शब्द मराठी मुलखात नवा असला तरी प्रकरण जुनेच आहे. १९४८ साली बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली आणि पुढे सुधारणेच्या अटी घालून ती उठवली. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींकडून गौरव मिळाला, पण २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीतच. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ मध्ये आले, तेव्हा बारीवर नाचणाऱ्या मुलीच्या पैशावर अख्खे कुटुंब कसे जगते आणि तिची इच्छा कोणीच कशी विचारीत नाही, हे तिच्याच मुलाने, एका डॉक्टरने, लिहिले. मग हिला निवड कुठली होती?

आपणही फार ताठ मानेने बोलू नये. १६७३ साली पॅरिसमध्ये नाटककार मोलिएर वारला तेव्हा नट म्हणून त्याला ख्रिस्ती दफन प्रथम नाकारले गेले. राजाच्या मध्यस्थीने ते रात्रीच्या अंधारात उरकले. १७३० मध्ये अभिनेत्री आद्रिएन लकूव्हरच्या वाट्याला तेवढेही आले नाही. याच ख्रिस्तसभेत आपण अंत्योखच्या संत पेलाजियाचा सण ८ ऑक्टोबरला पाळत आलो आहोत. परंपरा सांगते की, मोत्यांनी मढलेली ही नर्तकी रस्त्याने जाताना इतर बिशपांनी नजरा खाली वळवल्या. बिशप नोन्नस मात्र पाहत राहिले आणि रडले. माणसांना आवडावे म्हणून ही जेवढी झिजते तेवढे आपण देवासाठी झिजत नाही, असे त्यांना वाटले. अश्रू त्यांनी स्वतःसाठी ढाळले, तिच्यासाठी नव्हे. हे वळण आम्हांला फार मोलाचे वाटते. येशूसमोर व्यभिचाराच्या आरोपाखाली उभी केलेली स्त्रीही एकटीच होती. सोबतचा पुरुष आणणाऱ्यांना सापडला नव्हता. २००५ च्या साऱ्या चर्चेतही नोटा उधळणाऱ्याचे नाव क्वचितच निघाले.

आमचे मत विचाराल तर, रात्री पुरुषांच्या नशेपुढे नाचणे यात मुक्ती आहे असे आम्हांला वाटत नाही. परंतु आपल्या जिल्ह्यात उन्हातान्हात किलोवर कापूस वेचणाऱ्या बाईला ‘ही तुझी निवड आहे का?’ असे आपण कधी विचारले आहे? जो प्रश्न वेचणीवालीला विचारायचा नाही, तो नाचणारीलाच विचारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

वैशाली येडे त्याच २०१९ साली यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून लोकसभेला उभ्या राहिल्या. त्या निवडून आल्या नाहीत.