सलग ओळ आणि तिचे तुकडे

लिहिलेल्या ओळीचे तुकडे कोठे पाडावेत, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला अशी कोणाची समजूत असेल, तर ती सोडून दिली पाहिजे. महाराष्ट्राला तो मोडी लिपीच्या काळापासून ठाऊक आहे. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडव्या रेघा ओढी आणि मग त्यांना अक्षरे लटकवीत जाई. दोन शब्दांत जागा सोडण्याचा प्रघात नव्हता, विरामचिन्हेही नव्हती. 'तीनदीवैनगंगा' अशी अक्षरे समोर आली, तर नवशिका 'तीन'पाशी थांबणार, उरलेल्या 'दी'ला अडखळणार आणि मागे फिरून 'ती नदी' असे वाचणार. शब्द तोडण्याचे काम वाचणाराचे होते, आणि त्याला भाषेची जाण होती म्हणूनच ते निभत असे.

एकोणिसाव्या शतकात बाळबोध छपाई रुळली आणि शब्दाशब्दांत जागा आली. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाचे सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रुजविली. तोडण्याची खूण करण्याची जबाबदारी आता लिहिणारावर आली.

पुढे वाचणारा म्हणून यंत्र आले. १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 'स्नोबॉल' ही खास मजकूर हाताळणारी भाषा तयार झाली. १९८७ साली लॅरी वॉल यांची 'पर्ल' आणि १९९१ साली 'पायथन' आली. या दोहोंत 'स्प्लिट' नावाची सोय आहे. तिचा नियम गोंदिया जंक्शनवर रोज दिसणाऱ्या गाडीसारखा आहे. डबे जेथे जोडलेले असतील तेथे तोडावयाचे; जोड टाकून द्यावयाचा, डबे ठेवावयाचे. सात जोड असतील तर डबे आठ.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या आपल्या जिल्ह्याचे तालुके आठच आहेत: गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव. ही यादी स्वल्पविरामांवर तोडली तर आठ नावे हाती येतात. स्वल्पविराम गाळून नुसत्या मोकळ्या जागेवर तोडली, तर तालुके दहा होतात! 'सडक' आणि 'मोरगाव' पोरके होतात, आणि मागे राहिलेल्या दोन 'अर्जुनीं'पैकी कोणती कोणाची, हे यंत्रास सांगता येत नाही.

याहून नाजूक गोष्ट रिकाम्या जागेची. समजा, नोंद 'गाव, खरीप, रब्बी' अशी आहे, आणि धानानंतर दुसरे पीक न घेतल्याने ओळ स्वल्पविरामावरच संपते. पायथनला स्वल्पविरामावर तोडावयास सांगितले तर तो तीन तुकडे देतो, शेवटचा रिकामा. पर्ल मात्र, वेगळी आज्ञा नसल्यास, शेवटचे रिकामे तुकडे टाकून देते; उरतात दोनच. पायथनला तोडण्याची खूण सांगितलीच नाही, तर तो कितीही मोकळी जागा एकच जोड मानतो. मग खरिपाचे घर कोरे असेल तर रब्बीचा हरभरा सरकून खरिपात बसावयाचा. काहीच पिकविले नाही, ही देखील नोंद असते. ती गळाली तर कागद खोटे बोलतो.

आणि अक्षरांचे काय? 'गोंदिया' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा: गों, दि, या. परंतु १९९१ साली ज्याची पहिली आवृत्ती निघाली त्या युनिकोड संकेतात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना स्वतंत्र स्थान आहे. त्या हिशेबाने तोडल्यास तुकडे सात पडतात, आणि अनुस्वार ज्याच्या डोक्यावर बसावयाचा ते अक्षरच त्याच्याखाली राहात नाही.

तात्पर्य, तोडण्याची खूण ही माणसामाणसांतील एक बोली आहे. मोडी वाचणारा ती न बोलता ओळखी. यंत्राला ती आधी सांगावी लागते. ज्यांची नावे आणि जमिनी अशा ओळींत नोंदलेल्या आहेत, त्यांच्या दृष्टीने हा केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न नव्हे. खूण कोणती आणि रिकामी जागा राखावयाची की टाकावयाची, हे ओळ लिहिण्यापूर्वीच ठरले पाहिजे.