खरा की तोतया? १७०७ साली खुलताबादला आलेला राजा आणि त्याला पाहणारी माणसे

१/
इ. स. १७०७. मे आणि ऑक्टोबर यांच्या दरम्यान पंचवीस वर्षांचा एक राजा खुलताबादला आला. बरोबर सुमारे वीस हजार स्वार होते. गाव लुटण्याचा त्याचा हेतू नव्हता. त्याला एका कबरीचे दर्शन घ्यायचे होते. वाटेत ज्यांनी ज्यांनी त्याला पाहिले, त्यांच्यापुढे मात्र एकच प्रश्न होता: हा खरोखर तोच आहे का?

२/
हा राजा म्हणजे थोरले शाहू महाराज. (कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज त्यांच्यानंतर दीड शतकाहून अधिक काळाने जन्मले.) छत्रपती संभाजी महाराज आणि महाराणी येसूबाई यांचे हे पुत्र. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू आईसह मोगलांच्या कैदेत गेले.

३/
त्यानंतरची सुमारे अठरा वर्षे त्यांनी बादशाही छावणीत काढली. ही छावणी म्हणजे दक्षिणेत फिरणारे एक शहरच होते. मराठी मुलखाला आपला राजपुत्र जिवंत आहे एवढे ठाऊक होते. पण त्याचा चेहरा फारच थोड्यांनी पाहिला होता. सात वर्षांचे मूल पंचविशीचे होऊन परतते, तेव्हा गावच्या पाटलाने त्याला ओळखायचे तरी कशावरून?

४/
३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ भिंगार येथे औरंगजेब मरण पावला. त्याच्या इच्छेनुसार मृतदेह खुलताबादला नेण्यात आला आणि सूफी संत झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन झाला. गावाचे जुने नाव रौजा. मृत्यूनंतर बादशहाला ‘खुल्दमकान’ ही पदवी मिळाली आणि तिच्यावरूनच रौजाचे खुलताबाद झाले.

५/
बादशहाचा मुलगा आझमशहा तख्तासाठी उत्तरेकडे निघाला. शाहू त्याच्या छावणीतच होते. झुल्फिकारखानाच्या सल्ल्याने मे महिन्यात भोपाळजवळच्या दोराहा येथे त्यांची सुटका झाली. हिशेब उघड होता: शाहू दक्षिणेत परतले की महाराणी ताराबाईंच्या पक्षाशी त्यांचा झगडा होणार आणि मराठ्यांचे बळ दुभंगणार. येसूबाईंना मात्र मोगलांनी ओलीस ठेवून घेतले.

६/
समकालीन मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो की, सुटकेच्या वेळी शाहूंबरोबर जेमतेम पन्नास-साठ माणसे होती. खानदेशात बिजागडचे मोहनसिंग रावळ आणि कोकरमुंड्याचे कदमबांडे यांची साथ मिळाली. मग परसोजी भोसले, नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर असे सरदार येऊन मिळाले. पन्नासाचे वीस हजार झाले ते काही महिन्यांत.

७/
इकडे ताराबाईंच्या पक्षाने हा मनुष्य तोतया असल्याचे जाहीर केले. सरदारांकडून दूधभातावर निष्ठेच्या शपथा घेतल्या गेल्या. ताराबाईंची बाजू समजून घ्यायला हवी. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर सात वर्षे त्यांनी औरंगजेबाशी लढून राज्य राखले होते. आता बादशाही छावणीतून एक तरुण येतो आणि गादीवर हक्क सांगतो. त्याच्यावर डोळे मिटून विश्वास का ठेवावा?

८/
ही शंका त्या काळी पोकळ नव्हती. रशियात १६०५ साली मृत राजपुत्र दिमित्रीचे नाव सांगणारा एक जण थेट सिंहासनावर बसला होता. पुढे मराठेशाहीतही पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे गेली आणि १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा होईपर्यंत पेशव्यांच्या कारभाऱ्यांना स्वस्थता मिळाली नाही. छायाचित्र नसलेल्या जगात डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष हाच मोठा पुरावा होता.

९/
म्हणून राजाला ‘पाहणे’ ही त्या काळी निव्वळ हौस नव्हती. मोगल बादशहा रोज झरोक्यात येऊन प्रजेला दर्शन देत. १६५७ साली आजारी शाहजहान झरोक्यात दिसेनासा झाला, तेव्हा तो मेल्याची अफवा उठली आणि वारसायुद्धाला तोंड फुटले. ते युद्ध जिंकलेल्या औरंगजेबाने पुढे झरोकादर्शनाची प्रथाच बंद केली. त्याच्याच कबरीकडे आता असा एक राजा निघाला होता, ज्याचे सारे भवितव्य लोकांच्या नजरेस पडण्यावर अवलंबून होते.

१०/
मराठी परंपरेत परसोजी भोसल्यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. शाहू अस्सल असल्याची खात्री पटवण्यासाठी ते सर्वांसमक्ष त्यांच्याबरोबर एका ताटात जेवले. जातीपातीचे आणि पंक्तीचे नियम कडक असलेल्या त्या समाजात अनोळखी माणसाच्या ताटात कोणी हात घालत नसे. जमलेल्या लोकांना हा पुरावा लगेच कळला. त्यासाठी कागद वाचता येण्याची गरज नव्हती.

११/
प्रत्येक ठिकाणी स्वागत झाले असे मात्र नाही. याच प्रवासात औरंगाबादच्या परिसरातील पारद गावी पाटील सयाजी लोखंडे यांनी शाहूंच्या फौजेला विरोध केला. लढाई झाली, पाटील पडले. त्यांच्या पत्नीने आपले तान्हे मूल शाहूंच्या पायांवर घातले. पहिल्या विजयाची खूण म्हणून शाहूंनी त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले, त्याला भोसले हे आडनाव दिले आणि मुलासारखे वाढवले. अक्कलकोटच्या राजघराण्याचा हा मूळ पुरुष.

१२/
खाफीखानाच्या कथनानुसार शाहू आधी अहमदनगरला गेले. औरंगजेबाचा मृत्यू झाला ती जागा त्यांनी पाहिली आणि गोरगरिबांना अन्न व पैसे वाटले. तेथून ते खुलताबादच्या कबरीकडे निघाले. फौजेची आघाडी औरंगाबादजवळ पोहोचली तेव्हा स्वारांची जुनी सवय उफाळून आली. शाहूंचा आणि जुन्या सरदारांचा तसा इरादा नसताना काहींनी आसपास लुटालूट सुरू केली.

१३/
हे दृश्य शहराच्या तटावरून कसे दिसले असेल? तो तट औरंगजेबानेच मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १६८० च्या दशकात बांधून घेतला होता. बादशहा मेलेला. जूनमध्ये जाजऊच्या लढाईत आझमशहाही पडला. तख्त कोणाचे याचाच निवाडा तलवारीने होत असलेल्या त्या वर्षी वीस हजार मराठी स्वार दारात येतात, आणि सांगण्यात येते की राजा कबरीच्या दर्शनाला चालला आहे! मन्सूरखान आणि इतर अंमलदारांनी ताबडतोब शहराच्या संरक्षणाची तयारी केली. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते, तरी वेगळे काही करते ना.

१४/
शाहूंनी लूट थांबवण्याचा हुकूम दिला. मग ते खुलताबादला आले, तेथील थोर पुरुषांच्या समाधींचे आणि औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतले आणि आपल्या किल्ल्यांकडे निघून गेले. खाफीखान हे सारे मोजक्या ओळींत सांगतो. शहरावर हल्ला झाला नाही. राजा म्हणून त्यांच्या शब्दाची ही मोठी कसोटी होती: नुकत्याच जमलेल्या फौजेला त्यांना आवरता येते का, हे औरंगाबादकरांनी प्रत्यक्ष पाहिले.

१५/
खुलताबाद त्यांना परकेही नव्हते. घाट उतरला की चार-पाच किलोमीटरवर वेरूळ. तिथल्या पाटीलकीतून भोसले घराणे वर आले. मालोजीराजांनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला तो तिथेच. शाहू हे मालोजींचे खापरपणतू. अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला केलेल्या नवसावरून मालोजींच्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली गेली, असे परंपरा सांगते. या घराण्यातल्या पुरुषाने दर्ग्यात पाऊल ठेवणे त्या काळच्या लोकांना नवलाचे वाटण्याजोगे नव्हते.

१६/
तरीही ही कबर पित्याच्या मारेकऱ्याची होती. मग दर्शन कशासाठी? ज्याच्या छावणीत आपण लहानाचे मोठे झालो, त्याच्याविषयीचा काही भाव त्यात असू शकतो. राजकारण तर निश्चित दिसते. आई मोगलांच्या हाती होती. सुटका मोगलांनी केली होती. पुढची सनदही त्यांच्याकडूनच मिळवायची होती. कबरीपुढे झुकलेल्या मस्तकाची वार्ता बादशाही दरबारी पोहोचणे शाहूंच्या हिताचे होते. भक्ती की मुत्सद्देगिरी, असा एकच पर्याय निवडण्याचा आग्रह आपला आहे, त्या काळाचा नाही.

१७/
आज खुलताबादला कबरीभोवती दिसणारी संगमरवरी जाळी शाहूंनी पाहिली नाही. ती विसाव्या शतकाच्या आरंभी, लॉर्ड कर्झन यांच्या सूचनेवरून निजामाच्या राजवटीत बसवली गेली. त्यांनी पाहिली ती उघड्या आकाशाखालची, काही महिन्यांपूर्वीच बुजवलेली साधी कबर. अर्ध्या शतकाची सत्ता आणि पाव शतकाहून अधिक काळचे दक्षिणेतील युद्ध त्या मातीखाली संपले होते.

१८/
१२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेड येथे शाहू आणि ताराबाई यांच्या फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव यांची बाळाजी विश्वनाथांमार्फत बोलणी झाली होती आणि शाहू अस्सल असल्याची त्यांची खात्री पटली होती. ते शाहूंना मिळाले आणि लढाईचा निकाल लागला. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात राज्याभिषेक झाला. शाहूंनी पुढे १७४९ पर्यंत राज्य केले.

१९/
या प्रवासात शाहूंना राजा ठरवले ते कोणत्याही फर्मानाने नव्हे. कुणी एका ताटात जेवले, कुणी गढीवरून लढले, कुणी पायांवर मूल घातले, कुणी वेशी बंद करून वाट पाहिली. राजाला पाहायला गेलेला, किंवा मुद्दाम न गेलेला, प्रत्येक जण आपला कौल देत होता. तो चुकला असता तर किंमतही त्यालाच मोजावी लागली असती; पारदच्या पाटलांनी ती मोजली.

२०/
शाहूंना निःसंशय ओळखू शकेल अशी एक व्यक्ती मात्र या पाच महिन्यांत कुठेच नव्हती. ती मोगलांच्या कैदेत होती. येसूबाई परतल्या त्या १७१९ साली, बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून सनदा आणल्या तेव्हा. बारा वर्षांनी आईने मुलाला पाहिले. तोवर मुलगा खरा की तोतया, हे विचारणारे कुणी उरले नव्हते.