आपल्याच कराराचा अभ्यास

१९८५ मध्ये कॅनडाच्या राजधानीत, ओटावा येथे, इन्युइट तरुणांसाठी एक लहानसा अभ्यासवर्ग सुरू झाला. त्याचे नाव ‘नुनावुत सिवुनिक्सावुत’. ‘नुनावुत’ म्हणजे आपली भूमी, ‘सिवुनिक्सावुत’ म्हणजे आपले भविष्य. हा वर्ग कोणा विद्यापीठाने काढलेला नव्हता. कॅनडा सरकारशी भूमिहक्कांच्या वाटाघाटी करणाऱ्या ‘तुंगाविक फेडरेशन ऑफ नुनावुत’ या इन्युइट संघटनेची ती निकड होती. वाटाघाटी चालत त्या कायद्याच्या इंग्रजीत. आणि ज्यांच्या भूमीविषयी त्या चालत ते लोक सुमारे वीस लक्ष चौरस किलोमीटरच्या प्रदेशात, पंचवीसएक वस्त्यांत विखुरलेले. मसुद्यात काय मागितले आहे आणि त्यासाठी काय सोडावे लागणार आहे, हे वस्तीवस्तीत जाऊन समजावून सांगणारे कार्यकर्ते हवे होते. ते घडवण्यासाठी हा वर्ग.

या घटनेचे महत्त्व कळण्यासाठी इन्युइट समाजाचा शाळेविषयीचा पूर्वानुभव ध्यानात घ्यावा लागतो. १९५०च्या दशकापासून अनेक मुलांना घरापासून शेकडो मैल दूरच्या वसतिशाळांत नेण्यात आले. चेस्टरफील्ड इनलेट येथील कॅथलिक मिशनच्या शाळेत मुलांवर झालेले अत्याचार पुढे उघडकीस आले. त्याच काळात सरकारदफ्तरी इन्युइट माणसाची ओळख क्रमांक कोरलेल्या बिल्ल्यावरून पटवली जाई. १९५३ मध्ये उत्तर क्वेबेकमधील इनुकजुआक येथील काही कुटुंबे सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला नेऊन वसवण्यात आली. त्याबद्दल सरकारने माफी मागितली ती २०१० मध्ये. त्या विस्थापितांतला एक लहान मुलगा म्हणजे जॉन अमागोआलिक. पुढे तो चर्चिल येथील वसतिशाळेत शिकला आणि ‘नुनावुतचा जनक’ म्हणून ओळखला गेला. चेस्टरफील्डला शिकलेल्या पॉल क्वासा यांनी १९९३ च्या करारावर इन्युइटांच्या वतीने सही केली. ज्या शाळांनी मुलांना समाजापासून तोडले, त्याच शाळांत निरनिराळ्या वस्त्यांतील मुले एकमेकांना भेटली आणि सरकारची भाषा शिकली. यावरून त्या शाळांचे समर्थन होत नाही. हाती आलेले हत्यार त्या पिढीने कसे वापरले, एवढेच यातून दिसते.

हक्काची मागणी रीतसर मांडण्यासाठी १९७१ मध्ये ‘इन्युइट तापिरिसात ऑफ कॅनडा’ ही संघटना स्थापन झाली. १९७३ च्या काल्डर खटल्यातील निकालानंतर मूळनिवासींच्या भूमिहक्काचा प्रश्न सरकारला टाळता येईना. पण भूमी आपली हे सिद्ध कसे करायचे? या समाजाकडे सातबारा नव्हता, कुंपण नव्हते. तेव्हा शिकाऱ्यांना नकाशे देऊन, आयुष्यभर कोठे शिकार केली, कोठे मासे धरले, कोठे तळ ठोकला, हे त्यांवर नोंदवून घेण्यात आले. १९७६ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेला हा अभ्यास म्हणजे एका समाजाच्या स्मरणाचा दस्तऐवज होय. १९८२ च्या सार्वमतात प्रदेशविभाजनाला कौल मिळाला, १९९२ मध्ये इन्युइट मतदारांनी करार स्वीकारला आणि २५ मे १९९३ रोजी इकालुइत येथे सह्या झाल्या. सुमारे साडेतीन लक्ष चौरस किलोमीटर भूमीची मालकी, चौदा वर्षांत मिळावयाचे सुमारे ११५ कोटी डॉलर, आणि १ एप्रिल १९९९ रोजी अस्तित्वात आलेला नुनावुत हा स्वतंत्र प्रांतिक प्रदेश, ही त्याची मुख्य फळे.

मग वर्गाचे काम संपले का? उलट ते अधिक अवघड झाले. १९८५ चा विद्यार्थी करार घडताना पाहत होता. त्यानंतर जन्मलेल्याला तो वारशाने मिळाला, आणि वारशाची किंमत चटकन कळत नाही. बेचाळीस प्रकरणांचा तो करार विद्यार्थी ओटावात बसून अभ्यासतात. दिलेल्या हक्कांच्या बदल्यात इन्युइटांनी आपला मूळ भूमिहक्क सोडून दिला, हे कलमही त्यांना वाचावे लागते. वडीलधाऱ्यांनी हा सौदा का केला, त्यांच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता, हे प्रश्न तेथे टळत नाहीत. तेविसावे प्रकरण सांगते की सरकारी नोकऱ्यांत इन्युइटांचे प्रमाण लोकसंख्येशी जुळावे. लोकसंख्येत ते शेकडा पंच्याऐंशीच्या आसपास. नोकऱ्यांत मात्र वर्षानुवर्षे निम्म्याजवळच. कराराचे पालन होत नाही म्हणून २००६ मध्ये इन्युइट संघटनेने केंद्र सरकारवर दावा लावला. २०१५ मध्ये तडजोड होऊन साडेपंचवीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. तिचा मोठा भाग प्रशिक्षणासाठी होता. म्हणजे प्रश्न पुन्हा शिक्षणापाशीच आला.

या कथेला एक सल आहे. आपला इतिहास शिकण्यासाठी नुनावुतच्या तरुणाला अजूनही दूर दक्षिणेला जावे लागते, आणि ही संधी दरवर्षी मोजक्यांनाच मिळते. घरच्या शाळांत इनुक्तितुत हे सर्व इयत्तांचे माध्यम व्हावे असे २००८ च्या कायद्याने ठरवले होते. २०२० मध्ये ती मुदत थेट २०३९ पर्यंत लांबवण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये सरकारी जमीन व खनिजांचा कारभार नुनावुतकडे सोपवण्याचा करार झाला. हा कारभार पाहणारी माणसे कोठून यायची?

करारावर सही एकदाच होते. तो वाचता येणारी माणसे मात्र प्रत्येक पिढीत नव्याने तयार करावी लागतात. वाटाघाटी ऐन भरात असताना, कराराचा मसुदाही पुरा झालेला नसताना, एका संघटनेने आधी वर्ग काढला, यातली दूरदृष्टी म्हणूनच मोठी वाटते.