दासगाव
रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील गाव व सावित्री नदीवरील जुने खाडीबंदर. महाडपासून सुमारे ८ किमी., मुंबई–गोवा महामार्गावर. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड करीत येथे येते तेव्हा तिचे पात्र खाडीचे झालेले असते. महाडला भरतीच्या पाण्यावर लहान होड्या जात. आगबोटींचे बंदर मात्र दासगाव. १७५६ च्या तहाने पेशव्यांनी बाणकोटबरोबर हे गावही इंग्रजांना दिले. जवळच्या टेकडीवर दौलतगड आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली.

हीच खाडी खाली हरिहरेश्वराजवळ समुद्राला मिळते. ‘दक्षिण काशी’ म्हणून मान असलेले हे क्षेत्र श्रीवर्धन तालुक्यात, मुखाच्या उत्तर अंगाला आहे. समोरच्या तीरावर बाणकोट. रस्ते नव्हते तेव्हा महाडकडच्या माणसाला समुद्राकडे नेणारी सरळ वाट पाण्याचीच होती.

त्या वाटेवरचा सर्वांत मोलाचा प्रवास मात्र देवदर्शनाचा नव्हता. चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह मुंबईहून आगबोटीने निघाले व हरिहरेश्वरमार्गे २५ डिसेंबरला दासगाव बंदरात उतरले. धक्क्यावर सत्याग्रही वाट पाहत होते. तेथून सारे पायी महाडला गेले आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तीर्थाच्या बंदरावरून आलेली ही माणसे सार्वजनिक तळ्यावरचा आपला हक्क मागायला निघाली होती. दासगावची ओळख सांगताना हा दिवस वगळणे अन्यायाचे होईल.

आता हरिहरेश्वरला जाणारे दासगावहून माणगाव–म्हसळामार्गे मोटारीने जातात. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव असा दर्शनाचा क्रम आहे. मंदिरामागून निघणारी प्रदक्षिणेची वाट हे या क्षेत्राचे खरे वैभव. कड्याच्या अरुंद फटीतून पायऱ्या थेट समुद्रालगतच्या कातळावर उतरतात. लाटांनी व खाऱ्या वाऱ्याने पोखरलेल्या त्या खडकाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसते. ही वाट फक्त ओहोटीतच चालता येते. लाटांनी ओढून नेल्यामुळे येथे माणसे दगावलेली आहेत, तेव्हा भरतीची वेळ गावकऱ्यांना विचारल्याशिवाय खाली उतरू नये आणि पावसाळ्यात तर प्रदक्षिणेचा आग्रह धरूच नये.